नवे फुप्फुस आणि जुनी मूत्रपिंडे

(दिल्ली येथे नागरिक व रुग्णांचे नातेवाईक ह्यांच्यासमोर एका मूत्रपिंडतज्ज्ञाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी फुप्फुसांचा डॉक्टर नव्हे. आजच्या विषयात फुप्फुस हा शब्द आधी येत असला, तरी माझा व्यवसाय मूत्रपिंडांचा आहे. फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या खाटेपाशी मला बोलावणे येते ते बहुधा उशिराच. तोवर शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते, घशातील नळी निघालेली असते, रुग्ण जिन्याच्या चार पायऱ्या चढून दाखवीत असतो आणि घरच्यांनी पेढे वाटलेले असतात. मग एके दिवशी प्रयोगशाळेच्या कागदावरील एक आकडा चढलेला दिसतो. त्या आकड्याची हकीगत आज मला आपणापुढे मांडावयाची आहे. ती वाटते तितकी नवी नाही. फुप्फुस-प्रत्यारोपणाच्या इतिहासातील पहिल्याच पानावर ती लिहिलेली आहे.

११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील जॅक्सन ह्या गावी डॉ. जेम्स हार्डी ह्यांनी एका माणसाच्या छातीत दुसऱ्या मृत माणसाचे फुप्फुस बसविले. मानवी फुप्फुसाचे हे जगातील पहिले प्रत्यारोपण होय. तो रुग्ण जन्मठेप भोगणारा कैदी होता. त्याच्या डाव्या फुप्फुसात कर्करोग होता, आणि त्याची मूत्रपिंडे आधीपासूनच दुबळी होती. नवे फुप्फुस चालू झाले. तो १८ दिवस जगला. शवविच्छेदनात असे आढळले, की बसविलेले फुप्फुस शरीराने नाकारलेले नव्हते. तो दगावला होता तो मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे.

ह्यानंतरची वीस वर्षे ह्या क्षेत्रात निराशेची गेली. जगभर मिळून चाळीसेक प्रयत्न झाले. बेल्जियममधील गेंट येथे १९६८ साली शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण दहा महिने जगला, हाच काय तो दिलासा. पुढे ७ नोव्हेंबर १९८३ रोजी कॅनडातील टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर ह्यांनी फुप्फुसे घट्ट होत गेलेल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थाला एक फुप्फुस बसविले, आणि हा गृहस्थ घरी गेला, कामावर रुजू झाला आणि सहा वर्षांहून अधिक काळ जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यशस्वी फुप्फुस-प्रत्यारोपण म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याची नोंद आहे. तो अखेर कशाने वारला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तोही मूत्रपिंडे निकामी होऊनच वारला.

म्हणजे पहिला अपयशी रुग्ण आणि पहिला यशस्वी रुग्ण, दोघांनाही मृत्यू आला तो एकाच दाराने. माझे शल्यचिकित्सक मित्र ह्याला योगायोग म्हणतात. पहिल्या रुग्णाबाबत मी ते मान्य करीन. त्याची मूत्रपिंडे मुळातच आजारी होती. दुसऱ्याबाबत मात्र योगायोग म्हणणे मला कठीण जाते, कारण १९६३ आणि १९८३ ह्यांच्या दरम्यान एक औषध आले होते.

त्या औषधाची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. स्वित्झर्लंडमधील सँडोझ ह्या औषधकंपनीचे कर्मचारी सुट्टीवर जाताना सोबत पिशव्या नेत आणि जेथे जातील तेथली माती घेऊन येत. त्या मातीतील बुरशांमधून नवी प्रतिजैविके शोधावीत, हा हेतू. १९६९ साली नॉर्वेतील हार्डांगर पठारावरून अशीच माती आली. तिच्यातील बुरशीने जंतू फारसे मारले नाहीत. पण १९७२ मध्ये बोरेल व त्यांचे सहकारी ह्यांच्या ध्यानी आले, की ती शरीराची प्रतिकारशक्ती मात्र आवरून धरते, आणि तेही रक्तपेशींचा सरसकट संहार न करता. हेच सायक्लोस्पोरिन. १९७८ साली केंब्रिज येथे रॉय काल्न ह्यांनी ते प्रथम माणसांना दिले. त्या पहिल्याच अनुभवात त्यांनी लिहून ठेवले, की हे औषध मूत्रपिंडांना बाधते. इशारा होता तो असा अगदी आरंभापासून. १९८४ मध्ये स्टॅनफर्ड येथील हृदय-प्रत्यारोपणाच्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि ही इजा तात्पुरती नसून मूत्रपिंडात कायमचे व्रण राहतात, हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी जपानमधील त्सुकुबा येथील मातीतून त्याच्याहून प्रभावी असे टॅक्रोलिमस सापडले. आज बहुतेक ठिकाणी फुप्फुसाच्या रुग्णाला हेच दिले जाते. परंतु दोन्ही औषधे एकाच पेशीय यंत्रणेवर घाव घालतात, आणि मूत्रपिंडाशी दोघांचेही वैर तेच.

आता हे वैर नेमके कसले, ते थोडक्यात पाहू. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा ह्या दोन मुठीएवढ्या इंद्रियांकडे जातो, आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जाऊन त्यातील दीडदोन लिटर तेवढा मूत्र म्हणून बाहेर पडतो. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी असते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ह्या आणणाऱ्या धमनीला आकुंचित करतात. मळ्यात पाणी सोडणाऱ्या पाटाचे तोंड कोणी अर्धवट बुजवावे, तसे हे आहे. औषधाची मात्रा कमी केली की पाट पुन्हा मोकळा होतो. हा झाला पहिला टप्पा. पण महिनोन्महिने पाट अरुंदच राहिला, की धमनीची भिंत जाड व काचेसारखी होते, तिच्यावर अवलंबून असलेला मूत्रपिंडाचा भाग सुकतो आणि तेथे पट्ट्यापट्ट्यांनी व्रण उमटतात. ह्या टप्प्यावरून परत फिरता येत नाही.

कोणी विचारील, मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणातही हीच औषधे देतात, यकृताच्या प्रत्यारोपणातही देतात. मग फुप्फुसाच्या रुग्णाचेच एवढे काय? ह्याचे उत्तर फुप्फुसाच्या स्वभावात आहे. यकृत आणि मूत्रपिंड शरीराच्या आत सुरक्षित असतात. फुप्फुस मात्र उघड्या दारात बसलेले असते. दर श्वासाबरोबर धूळ, जंतू, धूर आत येतात, आणि त्यांच्याशी झुंजण्यासाठी तेथे संरक्षक पेशींची छावणीच असते. म्हणून शरीर फुप्फुसाला सर्वांत लवकर नाकारते, आणि म्हणून औषधाची पातळीही इतरांहून चढी ठेवावी लागते. जेथे जंतूंची भीती सर्वांत मोठी तेथेच प्रतिकारशक्ती सर्वांत जास्त दडपावयाची, असा हा विचित्र पेच आहे. आणि त्याचा दंड भरतात ती मूत्रपिंडे.

दंडाची मोजदादही झालेली आहे. १९९० ते २००० ह्या काळात अमेरिकेत मूत्रपिंड वगळता इतर इंद्रियांचे प्रत्यारोपण झालेल्या ६९,३२१ रुग्णांचा अभ्यास ओजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या रुग्णांपैकी १५.८ टक्क्यांची मूत्रपिंडे पाच वर्षांत गंभीररीत्या निकामी झालेली होती. गंभीर म्हणजे काय? निरोगी तरुण माणसाची गाळण्याची क्षमता शंभर धरली, तर ह्यांची तिसाच्याही खाली गेलेली होती. सर्व इंद्रियांचे रुग्ण एकत्र धरले असता, ज्यांची मूत्रपिंडे अशी खचली त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचारपट होता. ज्यांना पुढे मूत्रपिंड बसविता आले, त्यांचा धोका डायलिसिसवर राहिलेल्यांच्या तुलनेत पाच वर्षांनी जवळपास निम्म्यावर आला. शेवटचा हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फुप्फुस-प्रत्यारोपणाचा रुग्ण एरवीही दीर्घायुषी नसतो. २०१० ते २०१७ ह्या काळातील जागतिक नोंदींप्रमाणे निम्मे रुग्ण पावणेसात वर्षांच्या आसपास हयात असतात. दीर्घकाळात त्यांना नेते ते मुख्यतः नव्या फुप्फुसातील श्वासनलिकांचे हळूहळू बुजत जाणे. तेव्हा ‘औषध कमी करा म्हणजे मूत्रपिंडे वाचतील’ असे म्हणणे सोपे नाही. औषध कमी केले आणि फुप्फुस गमावले, तर डायलिसिसच्या यंत्रासारखे घरोघर न्यावे असे श्वासाचे यंत्र आपणाजवळ नाही.

आता आपल्या दिल्लीकडे येऊ.

भारतीय शल्यचिकित्सकांचा हात ह्या विद्येत कधी मागे नव्हता. डॉ. पी. के. सेन ह्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्येच हृदय-प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला होता. दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. उणीव होती ती औषधाची आणि कायद्याची. औषध आले; कायदा जुलै १९९४ मध्ये झाला. त्या कायद्याने मेंदूचा मृत्यू हा मृत्यू मानला. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल ह्यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. ४ फेब्रुवारी १९९५ पासून कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ही तीन राज्ये आणि सर्व केंद्रशासित प्रदेश येथे. आज देशातील इंद्रियदानाची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संघटना, जिला सारे ‘नोटो’ म्हणतात, ती त्या आयुर्विज्ञान संस्थेच्या समोरच, रस्त्यापलीकडे सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात आहे.

पण आकडे पाहा. २०२३ साली भारतात १८,३७८ इंद्रिय-प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी १३,४२६ मूत्रपिंडांची आणि ४,४९१ यकृतांची. फुप्फुसांची किती? १९७. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, ती २२८ झाली. एवढ्या मोठ्या देशात वर्षाला दोनशेच्या आसपास! ह्यांतील मोठा वाटा चेन्नई, हैदराबाद अशा दक्षिणेकडील शहरांचा. उत्तरेकडील रुग्ण घरदार सोडून, कधी प्राणवायूची टाकी बरोबर घेऊन तिकडे जातात, खोली भाड्याने घेतात, महिनोन्महिने वाट पाहतात आणि शस्त्रक्रियेनंतर काही काळाने पुन्हा दिल्ली, गाझियाबाद, फरीदाबाद येथे परततात. शस्त्रक्रिया एका गावी आणि उरलेले आयुष्य दुसऱ्या गावी, अशी ही विभागणी आहे. आणि मूत्रपिंडांचा बिघाड होतो तो ह्या उरलेल्या आयुष्यात.

अशाच एका रुग्णाची हकीगत सांगतो. त्यांचे नाव, हुद्दा सांगणार नाही. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे घट्ट होत गेली होती. कारण बहुधा घरातला कूलरच असावा. आपणांस नवल वाटेल, पण भारतातील १९ शहरांतील अशा १,०८४ रुग्णांची जी नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्वांत मोठा गट, सुमारे ४७ टक्के, हा श्वासावाटे जाणाऱ्या सेंद्रिय धुळीच्या वावड्यामुळे आजारी पडलेल्यांचा होता, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या घरी कूलर होता. खसाच्या ओल्या पडद्यांत बुरशी वाढते आणि पंखा ती रात्रभर अंगावर फेकतो. असो. तो विषय माझा नव्हे.

शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी ते माझ्याकडे मूत्रपिंडांच्या तपासणीसाठी आले. रक्तातील क्रिअॅटिनिन ०.८ होते. छापील कागदावर हा आकडा निर्दोष दिसतो. मी लिहून दिले, ‘मूत्रपिंडे उत्तम.’ ही माझी चूक होती, आणि ती इतकी सामान्य आहे की तिच्याविषयी येथे बोललेच पाहिजे. क्रिअॅटिनिन हे स्नायूंतून निघते. दीर्घ आजाराने ज्याचे वजन ४४ किलोवर आले आहे, ज्याच्या दंडावर मांस राहिलेले नाही, त्याच्या शरीरात ते तयारच कमी होते. त्यामुळे मूत्रपिंडे निम्मी झाली तरी आकडा चांगलाच दिसतो. चोवीस तासांचे मूत्र गोळा करून मोजावे, किंवा स्नायूंवर अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी ही चाचणी करावी, म्हणजे खरे कळते. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी गाळण्याची क्षमता चाळिसाच्या खाली असेल तर केवळ फुप्फुसाचे प्रत्यारोपण करू नये, असे म्हटले आहे. माझ्या रुग्णाची चाळिसाच्या खाली नव्हती, हे मागाहून कळले. पण मी लिहिले होते तितकी उत्तमही नव्हती. आधी कळले असते तरी शस्त्रक्रिया झालीच असती, आणि व्हायलाच हवी होती. फक्त त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला आपण काय घेत आहोत आणि काय देत आहोत, हे ठाऊक असते.

शस्त्रक्रियेच्या दिवसांत जे घडते ते मूत्रपिंडांना मोठेच कठीण जाते. सुमारे निम्म्या रुग्णांत त्या काळात मूत्रपिंडांना कमीअधिक इजा होते. थोड्यांना काही दिवस डायलिसिसही लागते, आणि ज्यांना लागते त्यांचे पुढील आयुष्य सरासरीने आखूड होते. ह्यामागे एक कलह आहे. नव्या फुप्फुसाच्या लसीकावाहिन्या कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे त्यात पाणी चटकन साचते. म्हणून फुप्फुसाचा डॉक्टर रुग्णाला कोरडा ठेवू पाहतो. पाणी कमी, मूत्र वाढविणारी औषधे अधिक. मूत्रपिंडाचा डॉक्टर म्हणतो, रक्त पुरेसे पोहोचू द्या. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात ह्या दोन मतांमध्ये जी बोलणी होतात ती येथे सांगण्यासारखी नाहीत. बहुधा फुप्फुसाचा पक्ष जिंकतो, आणि बहुधा ते बरोबरच असते.

माझे रुग्ण त्यातून सुखरूप बाहेर पडले आणि घरी आले. त्यांची मुलगी शाळेत गणित शिकविते. तिने एक चौकटीची वही घातली: तारीख, वजन, रक्तदाब, क्रिअॅटिनिन, टॅक्रोलिमसची पातळी. ही वही पाहून मला वाटले, आमच्या रुग्णालयाच्या संगणकापेक्षा हिच्यावरच विसंबावे.

पहिल्या वर्षी क्रिअॅटिनिन १.३ वर स्थिरावले. पहिल्या सहा महिन्यांत घसरण सर्वांत तीव्र असते, पुढे ती मंदावते. तेव्हा ह्यात नवल नव्हते. घात झाला तो दुसऱ्या उन्हाळ्यात. जून महिना, लू चालू, घरात लग्न. त्यांना जुलाब लागले. तीन दिवस त्यांनी कोणाला कळविले नाही. टॅक्रोलिमसच्या गोळ्या मात्र नियमाने घेतल्या, रक्तदाबाच्याही घेतल्या, आणि अंग दुखते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी आणली.

आता पाहा, एकावर एक काय रचले गेले. जुलाबाने अंगातले पाणी गेले, म्हणजे मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त घटले. जुलाबात आतड्याचे अस्तर दुखावते, आणि जे अस्तर एरवी टॅक्रोलिमसचा बराचसा भाग तेथेच जिरवून टाकते ते काम थांबते. म्हणून गोळी तीच, पण रक्तातील पातळी दुप्पटतिप्पट होऊ शकते. पाण्याबरोबर औषधही वाहून गेले असेल ही सामान्य समजूत येथे नेमकी उलटी ठरते. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, ज्या मूत्रपिंडाची आणणारी धमनी मोकळी ठेवणारे नैसर्गिक द्रव्यच बंद पाडतात. पाटाचे तोंड तिन्ही बाजूंनी बुजविले गेले. ते आले तेव्हा क्रिअॅटिनिन ३.४ होते. सलाइन दिले, औषध दोन दिवस थांबविले, पातळी उतरली. क्रिअॅटिनिनही उतरले, परंतु २.१ वर येऊन थांबले. १.३ ते पुन्हा कधी झाले नाही.

आपल्यामध्ये आज काही रुग्ण आणि बरेच नातेवाईक बसलेले आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. जुलाब, उलट्या, ताप सुरू झाला, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण-केंद्राला दूरध्वनी करावा. गोळ्यांचे काय करायचे ते त्यांना ठरवू द्यावे, आपण होऊन बंदही करू नयेत. टॅक्रोलिमसची पातळी तपासण्यासाठी रक्त द्यावयाचे ते सकाळची गोळी घेण्यापूर्वी. गोळी घेऊन मग रक्त दिले, तर पातळी खोटी चढलेली दिसते, डॉक्टर मात्रा उतरवितो आणि फुप्फुस धोक्यात येते. असे मी अनेकदा पाहिले आहे. दुकानदाराने ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचे’ म्हणून वेगळी गोळी दिली, तर घेण्याआधी विचारावे, कारण ह्या औषधात किंचित फरकही मोजला जातो. हिवाळ्यात दिल्लीच्या हातगाड्यांवर तिखटमीठ लावून चकोतरा विकतात. आपण महाराष्ट्रात त्याला पपनस म्हणतो. हे फळ टॅक्रोलिमसची पातळी वाढविते. ते वर्ज्य समजावे.

क्षयरोगाच्या बाबतीत सूत्र उलट चालते, आणि आपल्या देशात हा प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांत दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. रिफँपिसिन हे क्षयाचे प्रमुख औषध यकृताला इतके चेतविते, की टॅक्रोलिमस रक्तात टिकतच नाही. बुरशीविरुद्धची व्होरिकोनॅझोलसारखी औषधे त्याच्या नेमकी विरुद्ध जातात आणि पातळी कितीतरी पटींनी चढवितात. म्हणून नवा डॉक्टर नवे औषध लिहून देतो तेव्हा जुन्या औषधांची यादी त्याच्यापुढे ठेवणे, हे रुग्णाचे काम होऊन बसते. ते त्याचे असू नये. पण आहे.

आणि मग दिल्लीची हवा. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी येथील हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ४९० च्या पुढे गेला होता. ५०० च्या पुढे तो मोजायची सोयच नाही. युरोपातील १० देशांतील १३ केंद्रांच्या ५,७०७ रुग्णांच्या अभ्यासात, धुळीचे प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्या ठिकाणी राहणाऱ्या फुप्फुस-रुग्णांत, काही विशिष्ट प्रतिजैविके न घेणाऱ्यांचा मृत्युदर अधिक आढळला. तीस! येथे पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर तो आकडा आम्ही पाहतच नाही. वाईट हवा म्हणजे छातीचा संसर्ग, संसर्ग म्हणजे प्रतिजैविके आणि बुरशीविरोधी औषधे, आणि त्यांतील कित्येक मूत्रपिंडांना जाचणारी. माझ्या व्यवसायातील नोव्हेंबर असा येतो.

मूत्रपिंडे खचू लागली तर करता काय येते? टॅक्रोलिमसची मात्रा उतरवून त्याच्या जोडीला एव्हरोलिमस देता येते. पण त्या जातीची औषधे शस्त्रक्रियेनंतर लगेच देता येत नाहीत. जोडलेल्या श्वासनलिकेचा टाकाच उसवतो, हा धडा काही रुग्णांच्या प्राणांच्या मोलाने शिकलेला आहे. बेलाटासेप्ट नावाचे मूत्रपिंडस्नेही औषध फुप्फुसाच्या रुग्णांत करून पाहिले गेले. मृत्यू वाढले, चाचणी थांबवावी लागली. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवणे, मीठ कमी करणे, हे जुनेच उपाय अजून सर्वांत भरवशाचे आहेत.

माझ्या रुग्णाच्या बाबतीत हे सारे केले. वहीतील आकडे तरीही चढत राहिले. पाचव्या वर्षी गाळण्याची क्षमता १८ वर आली. मुलगी एकदा वही मिटून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हे होणार हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होते का?” मी म्हणालो, “होऊ शकते हे माहीत होते.” “मग सांगितले का नाही?” मी तिला सांगितले, की त्या वेळी तिचे वडील अंथरुणावर कूस बदलतानाही धापा टाकीत होते, आणि पाच वर्षांनंतरच्या मूत्रपिंडांची गोष्ट तेव्हा काढावीशी वाटली नाही. तिला हे उत्तर पटले नाही. मलाही ते आता पुरते पटत नाही. बुडणाऱ्या माणसाला दोरी फेकताना तिच्या गाठीची चर्चा कोणी करीत नाही, हे खरे. पण हा रुग्ण आठ महिने यादीवर होता. आठ महिन्यांत एक तास काढता आला असता.

ह्या प्रसंगापासून मी एक प्रथा पाळतो. यादीवर असलेला रुग्ण कुटुंबासह माझ्याकडे येतो आणि मी त्यांना पुढील वाट सगळी सांगतो, तिच्या शेवटी डायलिसिसचे यंत्र उभे असू शकते हेही सांगतो. आजवर एकानेही हे ऐकून शस्त्रक्रिया नाकारलेली नाही. काहींनी कूलर विकला, एकाने दुकान मुलाच्या हाती दिले, आणि बहुतेकांनी वही घातली.

आता तो मुद्दा, ज्याकडे परत येईन असे म्हटले होते. फुप्फुस-रुग्णाची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली, तर डायलिसिसपेक्षा नवे मूत्रपिंड त्याला अधिक जगविते. अमेरिकेत जून २०२३ पासून असा नियम झाला आहे, की फुप्फुस वा हृदय बसविल्यावर पहिल्या वर्षात ज्याची मूत्रपिंडे जातील, त्याला मूत्रपिंडांच्या यादीत प्राधान्य मिळावे. आपल्याकडे मृत दात्यांची संख्याच इतकी तोकडी, २०२३ साली संबंध देशात १,०९९, की यादीवर भिस्त ठेवणे कठीण. परंतु फुप्फुस आणि मूत्रपिंड ह्यांत एक मोठा भेद आहे. फुप्फुसासाठी अनोळखी माणसाच्या मृत्यूची वाट पाहावी लागते. मूत्रपिंड घरातले माणूस जिवंतपणी देऊ शकते. १९९४ च्या कायद्याने आईवडील, मुले, भाऊबहिणी आणि पतिपत्नी ह्यांना ती मुभा दिली. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा आणि नातवंडे त्यांत आली.

मी हे सांगत होतो तेव्हा रुग्णाची पत्नी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली होती. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी फारशा बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “तेव्हा काहीच देता आले नाही मला. हे देता येते ना?” त्यांचा रक्तगट जुळतो. वय ६१. रक्तदाब किंचित चढा, एका गोळीने आटोक्यात राहणारा. पतीने पहिल्याने साफ नकार दिला. एका घरात दोन आजारी नकोत, हे त्यांचे म्हणणे, आणि ते अविचाराचे नव्हते.

प्रश्न माझ्यापुढेही आहेत. त्यांचे नवे फुप्फुस आणखी किती वर्षे टिकेल? दोन वर्षे टिकणार असेल, तर एका निरोगी बाईचे मूत्रपिंड काढून घेणे योग्य काय? गेल्या दीड वर्षात त्यांच्या श्वासाच्या चाचणीचा आकडा ढळलेला नाही, ही जमेची बाजू. दुसरी मोठी शस्त्रक्रिया त्या छातीला सोसेल काय, हे फुप्फुसाच्या डॉक्टरांनी सांगावयाचे; त्या बाईंचे रक्तदाबाचे औषध चालू असताना त्या दाता होऊ शकतात काय, हे मी नव्हे, तर माझ्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या मूत्रपिंडतज्ज्ञाने सांगावयाचे, कारण माझे मन आता तटस्थ राहिलेले नाही. हाताच्या रक्तवाहिनीचा जोड डायलिसिससाठी करून ठेवला आहे. तो लागेल की नाही, ठाऊक नाही.

पतीचा नकार मागच्या महिन्यात थोडा सैल झाला. पत्नीच्या तपासण्यांना त्यांनी संमती दिली, शस्त्रक्रियेला अद्याप नाही. मुलीने वहीत आईसाठी वेगळे पान आखले आहे. त्यावर पहिली नोंद गेल्या मंगळवारची आहे. चोवीस तासांचे मूत्र मोजून, ह्या वेळी.

आपले काही प्रश्न असतील तर ते मी आता घेतो.